ओळीवरचं बोट

वाचन संपलं आणि दुशिंगकाकांनी पुस्तक मिटलं, तेव्हा माझी नजर सहज त्याच्या पुठ्ठ्यावर गेली. काकांनी नुकताच यशया या ग्रंथाचा चाळिसावा अध्याय वाचला होता. पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या कागदावर मोठ्या अक्षरांत बायबलमधल्या दुसऱ्याच ग्रंथाचं नाव होतं, 'निर्गम'.

मला वाटलं, कागद चिकटवणाऱ्यानं घोळ घातला असेल. काका आंधळे होते आणि त्यांचं पवित्र शास्त्र उठावाच्या ठिपक्यांचं, ब्रेलचं होतं. आपल्याकडे एका हातात मावणारं पुस्तक त्या लिपीत भलेमोठे खंड होऊन बसतं. त्या त्या रविवारी लागणारा खंड काकांची बायको, सुगंधाकाकू, कापडी पिशवीत घालून मंदिरात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, आणायच्या. वाचन झालं की वर व्यासपीठावर येऊन तो घेऊन जायच्या. त्या दिवशी त्या येण्याआधी मी पुस्तक हातात घेतलं आणि पहिलं पान उलटून पाहिलं. ते एवढं एक पान आपल्या छापील अक्षरांत असतं. तिथंही निर्गमच होतं.

पुढे मी प्रवचन काय केलं ते मला आठवत नाही. मंडळीलाही आठवत नसणार, पण ते नेहमीचंच होतं.

ही एकोणीसशे ब्याऐंशी सालच्या डिसेंबरातली गोष्ट. मी सेमिनरीतून नुकताच बाहेर पडलो होतो आणि प्रवरेकाठच्या त्या गावी पाळक म्हणून माझी पहिलीच नेमणूक होती. वय सत्तावीस, लग्न व्हायचं होतं, आणि डोक्यात नवं शिक्षण ठासून भरलेलं. जुन्या हस्तलिखितांत नक्कल करणाऱ्यांनी कुठं ओळ गाळली, कुठं समासातली टीप मजकुरात घुसवली, हे मी तीन वर्षं शिकलो होतो. त्याच्या दोन जाड वह्या माझ्याकडे होत्या. शिकताना मजा वाटली, पण गावात येऊन त्याच पुस्तकावर हात ठेवून लोकांना धीर द्यायची वेळ आली तेव्हा आत कुठंतरी सैल झाल्यासारखं वाटायचं. हे मी कुणाला बोललो नव्हतो. पाळकानं हे बोलायचं तरी कुणापाशी?

दुशिंगकाकांचं मात्र तसं काही नव्हतं. देवीच्या साथीत चौथ्या वर्षी डोळे गेले, अंधशाळेत लिपी आणि वेताच्या खुर्च्या विणणं शिकले, आणि बाविसाव्या वर्षापासून मंदिरात शास्त्रपाठ वाचत आले. चाळीस वर्षं झाली होती. त्यांचा आवाज असा की लहान पोरं रडायची थांबायची. इतर ठिकाणी शास्त्रपाठ सुरू झाला की पानांची सळसळ होते, लोक आपापली पुस्तकं उघडून ओळीवरून बोट फिरवतात. आमच्या मंडळीत ती पद्धत मोडून गेली होती. काका वाचायला लागले की लोक पुस्तक मांडीवर मिटून ठेवत आणि डोळेही मिटून घेत. 'काका वाचतात' म्हटल्यावर पडताळून पाहायचं ते काय, असा सगळ्यांचा हिशेब.

काकांचा स्वतःचा हिशेब वेगळा होता, तो मला पहिल्याच महिन्यात कळला. एका दफनविधीत मी घाईघाईत एक वचन तोंडपाठ म्हटलं आणि त्यातला अर्धा भाग दुसरीकडचाच जोडला. संध्याकाळी काका काकूंचा खांदा धरून माझ्या दारात.

"सलाम, पाळकसाहेब. रागावणार नसाल तर एक सांगायचं होतं."

"सांगा ना काका."

"आज मातीपाशी तुम्ही जे म्हणालात, ते तसं लिहिलेलं नाही."

मी म्हटलं, "अर्थ तोच होतो की."

"होत असेल. तुमचे शब्द प्रवचनात बोला, तिथं तुम्हाला मुभा आहे. पण 'शास्त्रात म्हटलं आहे' असं म्हणून जे बोलायचं ते देवाचं आहे. त्यात आपला हात घालायचा नाही."

एवढं बोलून ते पाणीही न घेता गेले. मी मनात म्हटलं, भोळा माणूस आहे. माझ्या वह्या दाखवल्या तर घेरी येईल त्यांना.

आणि हाच माणूस निर्गमावर बोटं फिरवत यशया वाचत होता. बोटं ओळीच्या शेवटाला जात होती, परत फिरत होती, पानही वेळेवर उलटत होतं. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. सोमवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो.

घराला ताजा चुना लागला होता. नाताळाआधी आमच्याकडे घरोघरी चुना लावतात. ओट्यावर काका वेताची खुर्ची विणत बसले होते. ती मंदिरातलीच होती. मी आत डोकावलो तर फळीवर सगळे खंड नीट रांगेत उभे.

काकूंनी चहा ठेवला. मी आडून आडून विचारलं, "काकू, कालचं पुस्तक तुम्ही कसं ओळखता? तुम्हाला तर वाचता येत नाही."

"जागंवरनं," काकू म्हणाल्या. "वरच्या फळीवर डावीकून हे इतकं सोडलं की यशया. कुठलं कुठं असतं ते मला पाठ हाय."

"पण चुना लावताना सगळे खाली काढले असतील."

काकूंचा हात थांबला. त्यांनी फळीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "खालची रांग वर गेली का काय," त्या हळूच म्हणाल्या.

काकांनी वेत खाली ठेवला. "काल कुठलं होतं, पाळकसाहेब?"

"निर्गम."

त्यांनी दोन्ही हात माझ्यासमोर धरले. "बोटं गेली," ते म्हणाले. "साखर आहे ना मला. पावसाळ्यात आधी पावलं बधिर झाली, मग बोटांची टोकं. वेत जाड असतो, तो अजून कळतो. ठिपका कळत नाही. कागद नुसता सपाट लागतो."

"काकूंना माहीत होतं?"

"मी सांगितलं नाही."

"मला भादव्यातच कळलं," काकू चुलीपाशी बसून म्हणाल्या. "तांदळातला खडा लागंना त्यांला. आधी माझ्याहून झटक्यानं निवडायचे."

"मग बोलली का नाहीस?"

"ते तुमचं तुमी सांगायचं व्हतं."

काकांनी मान हलवली. मी विचारलं, "मग भाद्रपदापासून तुम्ही पाठ म्हणताय?"

"पाठ. शनिवारी दिवसभर घोळवायचं आणि रविवारी म्हणायचं. चाळीस वर्षं वाचलंय, बसलंय ते."

"मग बिघडलं कुठं, काका? काल एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही."

"तुम्ही तुमचं पुस्तक उघडलं होतं?"

मीही डोळेच मिटले होते.

"मग तुम्हाला काय माहीत?" काका म्हणाले. "दिवाळीच्या आधी एका रविवारी मला एका जागी दोन शब्द सुचले. दोन्ही खरे वाटले. पूर्वी बोट फिरवलं की निकाल लागायचा. त्या दिवशी बोट फिरवलं तर तिथं काहीच नाही. मंडळी समोर बसलेली. मी त्यातला एक म्हणून टाकला. कुणी हूं की चूं केलं नाही. उपासनेनंतर तुम्हीच माझा हात हातात घेऊन म्हणालात, काका, फार सुंदर वाचलंत. तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही."

मला आता त्यांची दया आली आणि मी माझं शिक्षण बाहेर काढलं. म्हटलं, काका, हे पुस्तक आपल्यापर्यंत आलं ते काही आकाशातून बांधून आलेलं नाही. किती पिढ्या ते तोंडोतोंडी चाललं. मग हातानं नकला झाल्या. नकला करणारे चुकले, पेंगले, त्यांनी शब्द गाळले. तुम्ही एका शब्दासाठी एवढं लावून घेऊ नका. हे सगळं मी चार-पाच मिनिटं बोललो असेन. बोलताना वाटत होतं की आता म्हातारा ढासळेल आणि मलाच त्याला सावरावं लागेल.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "चुकले, हे तुम्हाला कसं कळलं?" त्यांनी विचारलं.

"दुसऱ्या नकला आहेत ना. त्यांच्याशी ताडून पाहिलं की चूक सापडते."

"म्हणजे धरणारे होते."

"होते."

"मग झालं तर. बोलणारा देव आहे, लिहिणारी माणसं आहेत. माणूस चुकणारच, हे त्याला ठाऊक नव्हतं होय? म्हणून तर त्यानं एकाच्या हाती दिलं नाही, पुष्कळांच्या हाती दिलं. एकानं गाळलं तर दुसऱ्यानं धरावं. धरणारे होते म्हणून पुस्तक राहिलं. इथं मला धरणारं कुणी नाही, पाळकसाहेब. तुम्ही सगळे डोळे मिटून बसता."

माझ्या दोन वह्यांत हे कुठं लिहिलेलं नव्हतं.

मग त्यांनी आपलं ठरवलेलं सांगितलं. पुढच्या रविवारी, नाताळाआधी, पाठ होता मत्तयाचा पहिला अध्याय, म्हणजे ख्रिस्ताची वंशावळ. नावांमागून नावं, कुणाला कोण झाला आणि त्याला पुढे कोण. मंडळीच्या जांभया देण्याचा हा हक्काचा पाठ. काका म्हणाले, "मी उभा राहून सगळं सांगणार. मग प्रत्येकानं पुस्तक उघडायचं, ओळीवर बोट ठेवायचं. मी म्हणत जाईन. एक नाव जरी चुकलं तरी तिथंच थांबवायचं. नाही चुकलो तर यापुढे पाठ म्हणतोय असं सांगून म्हणत जाईन. चुकलो तर उतरलो. पुन्हा त्या जागेवर पाय ठेवणार नाही."

"एवढं कडक कशाला?"

"लोकांचा भिडेचा स्वभाव आहे. म्हणून तुमच्याकडून शब्द पाहिजे. दुसऱ्या कुणी नाही बोललं तरी तुम्ही मला थांबवायचं."

मी शब्द दिला. त्यांच्या हातात हात देऊन दिला. त्यांच्या बोटांना तो लागला की नाही, कोण जाणे.

मंडळीचे सेक्रेटरी पारखेसर हायस्कुलात गणित शिकवायचे. त्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते माझ्यावरच उखडले. "तुम्हाला दुसरं काम नाही का हो? म्हातारा आपला गोड म्हणतोय, लोक गोड ऐकताहेत. सणाच्या तोंडावर त्याला मंडळीसमोर उभं करून परीक्षा कसली घेता?"

"मी नाही घेत. तेच देतायत."

"आणि नापास झाले तर? ती उभं राहण्याची जागा काढून घेतली तर त्या माणसापाशी राहतं काय? खुर्च्या?"

पारखेसर जाता जाता म्हणाले, "मी तर काही बोलणार नाही बुवा. काय चुकायचं ते चुकू दे."

रविवारी मंदिर भरलं होतं. छताला रंगीत कागदाच्या पताका लागल्या होत्या. दुशिंगकाका पुस्तकाविना वर आले, रिकाम्या हातांनी. त्यांनी सगळं सांगितलं, भाद्रपदापासूनचं, आणि दिवाळीआधीच्या त्या एका शब्दाचंही. आवाज नेहमीचाच होता. बायकांच्या बाजूला एकदोघींनी डोळ्यांना पदर लावला. मग ते म्हणाले, "उघडा," आणि त्या मंदिरात कित्येक वर्षांनी पानं सळसळली. काकांनी ते ऐकलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

मी माझ्या खुर्चीत पुस्तक उघडून बसलो. काकूंना वाचता येत नसल्यानं त्या पहिल्या बाकावर नुसत्याच बसल्या होत्या, उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर टेकवून.

काका सुरू झाले. अब्राहाम, इसहाक, याकोब. ती नावं कुणी तशी म्हटलेली मी पुन्हा ऐकली नाही. एरवी ती कंटाळवाणी जंत्री, पण त्या दिवशी प्रत्येक नावापाशी सगळ्या मंदिराचा श्वास अडकत होता आणि नाव बरोबर आलं की सुटत होता. यहूदा आला, तामार आली. राम, अम्मीनादाब, नहशोन. सल्मोन आणि राहाब. मग बवाज, आणि बवाजाला ओबेद झाला.

माझं बोट थांबलं. ओबेदाची आई राहिली होती. काकांनी रूथचं नाव गाळलं होतं.

ते पुढे गेले. ओबेदाला इशाय. मी मान वर केली. दहा-बारा डोकी वर आली होती. पारखेसर माझ्याकडे पाहत होते आणि अगदी बारीक मान हलवत होते, नको म्हणून. त्यांच्या मागे बसलेल्या मंडळीच्या म्हाताऱ्या पंचांनी तर आपलं पुस्तकच मिटलं. सगळ्यांना दिसलं होतं, आणि सगळे माझ्याकडे पाहत होते. मी विचार केला, एक नाव. ओबेद तर आला, वंशावळ तुटलेली नाही. बोटं मेलेल्या, डोळे नसलेल्या या माणसाची चाळीस वर्षं एका नावासाठी मी आज इथं, सणाच्या पताकांखाली, मोडायची का? मी मान खाली घातली आणि बोट पुढच्या ओळीवर नेलं.

"इशायाला दावीद राजा," काका म्हणाले.

"थांबा," पहिल्या बाकावरून आवाज आला. "रूथ राहिली."

सुगंधाकाकू उभ्या होत्या. अंगठा अजून पेरावरच होता.

काका थांबले. "नक्की?" त्यांनी विचारलं.

"नक्की. मरीया सोडून चार बायका हायेत त्याच्यात. दर साली मोजते मी, बाकीचे समदे बाप्येच म्हून. दोन झाल्या. तिसरी आली न्हाई अन् तुमी दावीदावर गेला."

काकांनी ओठ हलवून मनातल्या मनात मागे जाऊन पाहिलं. मग त्यांनी मान डोलावली. "राहिली," ते म्हणाले. "बरोबर आहे. पाळकसाहेब, तिथून पुढे तुम्ही वाचा." आणि ते पायऱ्या उतरले. काकू पुढे झाल्या, त्यांनी खांदा दिला. दोघं जाऊन बाकावर बसली. मी उभा राहून रूथपासून वाचायला लागलो.

उपासनेनंतर लोक काकूंपासून जरा लांबच उभे होते. एकदोन बायका तर उघड कुजबुजत होत्या, स्वतःच्या नवऱ्याला कुणी असं खाली उतरवतं का म्हणून. मी जवळ गेलो. म्हटलं, "काकू, तुम्हाला माहीत होतं ना, बोललं की त्यांचं वाचन संपलं?"

"व्हतं की," काकू म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज साधा होता. "खड्याच्या टायमाला मी गप बसले, ते त्यांचं व्हतं. हे शास्त्र त्यांचं एकट्याचं न्हाई. हे माझं बी हाय."

काका आमचं बोलणं ऐकत होते. त्यांनी माझा हात शोधला. "पाळकसाहेब," ते म्हणाले, "रूथ आली नाही तेव्हा तुमचं बोट कुठं होतं?"

मला खोटं बोलता आलं असतं. ओळ चुकली म्हणता आलं असतं, आणि तेही जिभेवर आलं होतं.

"तिच्यावरच होतं," मी म्हणालो.

"आणि पारखेसरांचं?"

"त्यांचंही. बऱ्याच जणांचं."

काकांनी माझा हात सोडला नाही. ते रागावले नव्हते, हे सगळ्यांत वाईट होतं. "एवढी वाचणारी माणसं," ते म्हणाले. "मग ती राहिलीच असती की हो."

पुढच्या रविवारी शास्त्रपाठाची वेळ झाली तेव्हा मी पुस्तक घेऊन त्या जागेवर उभा राहिलो. लोकांनी सवयीनं पुस्तकं मांडीवर मिटून ठेवली होती. दोन ओळी वाचून मी थांबलो, आणि सगळ्यांना म्हणालो की पुस्तकं उघडा, ओळीवर बोट ठेवा, आणि मी चुकलो तर मला थांबवा.